कोटणीस मास्तरांचा वर्ग

डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचं नाव काढलं की माझ्या पिढीतल्या बहुतेकांना आधी व्ही. शांतारामांचा चित्रपट आठवतो. १९४६ साली आलेल्या ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’मुळे सोलापूरचा हा तरुण घराघरांत पोचला. परक्या देशात जखमींची सेवा करणारा, तिथल्याच मुलीशी लग्न करणारा आणि तिथंच देह ठेवणारा डॉक्टर, ही प्रतिमा मनावर ठसली ती ठसलीच. ती खोटी मुळीच नाही. पण तिच्या तेजात एक माणूस थोडा झाकला गेला. तो म्हणजे कोटणीस मास्तर. चीनमधल्या अखेरच्या दोन वर्षांत कोटणीस शस्त्रक्रिया करत होते, तसे वर्गही घेत होते; आणि तेही चिनी भाषेत. आज त्या वर्गाविषयी चार शब्द सांगायचे आहेत.

आधी थोडी पार्श्वभूमी. जपाननं १९३७ मध्ये चीनवर मोठं आक्रमण केलं. कम्युनिस्ट सैन्याचे सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. काँग्रेसनं पाच डॉक्टरांचं पथक पाठवायचं ठरवलं. १९३८ साली सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष होते, त्यांनी देशाला मदतीचं आवाहन केलं. पथकाचे प्रमुख होते अलाहाबादचे डॉ. अटल. नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी आणि पाचवे आपले कोटणीस. १० ऑक्टोबर १९१० चा त्यांचा जन्म. मुंबईच्या गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झालेले. सप्टेंबर १९३८ मध्ये पथक मुंबईहून बोटीनं निघालं.

चीनमध्ये पाचही जणांना चिनी नावं मिळाली. प्रत्येक नावाच्या शेवटी ‘हुआ’ हे अक्षर होतं. ‘हुआ’ म्हणजे चीन. कोटणीसांचे झाले ‘ख दिहुआ’. चुंगकिंगला असताना वडील गेल्याची बातमी त्यांना कळली. तरीही ते परतले नाहीत. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक कम्युनिस्टांच्या येनान या केंद्रात पोचलं. पुढं एकेक सहकारी मायदेशी परतला. १९४० मध्ये कोटणीस आणि बसू जपानी फळीच्या पिछाडीला, शान्सी, चाहार आणि हबेई या प्रांतांच्या सीमेवरच्या डोंगराळ मुलखात गेले. बसू नंतर येनानला परत फिरले. कोटणीस तिथंच थांबले.

या मुलखात त्यांच्या आधी एक परदेशी डॉक्टर काम करून गेले होते. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून. शस्त्रक्रिया करताना बोट कापलं, त्यातून रक्तात विष भिनलं आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये ते वारले. बेथून यांनी एक गोष्ट नेमकी ओळखली होती. बाहेरून येणारा एक सर्जन कितीही राबला, तरी पुरा पडणार नाही. जपानी नाकेबंदीमुळे औषधं येत नव्हती, मग शिकलेले डॉक्टर कुठून येणार? तेव्हा इथल्याच पोरांना शिकवून तयार करायला हवं. त्यांच्याच आग्रहामुळे १९३९ मध्ये तिथं वैद्यकीय शाळा निघाली. त्यांच्या मृत्यूनंतर शाळेला आणि इस्पितळाला त्यांचं नाव दिलं गेलं. जानेवारी १९४१ मध्ये कोटणीस त्या इस्पितळाचे संचालक झाले आणि शाळेत शस्त्रक्रियाशास्त्र शिकवू लागले.

शाळा म्हटल्यावर दगडी इमारत, घंटा, प्रयोगशाळा असलं काही डोळ्यांपुढे आणू नका. हबेई प्रांतातल्या गेगोंग नावाच्या खेड्यात शेतकऱ्यांच्या घरांतून हा सारा पसारा चाले. उत्तर चीनमधल्या अशा घरांत विटांचा एक रुंद ओटा असतो, त्याला ‘खांग’ म्हणतात. चुलीची ऊब ओट्याखालून फिरवतात आणि कडाक्याच्या थंडीत माणसं त्यावर निजतात. सैन्याचं आणि गावाचं मुख्य अन्न होतं राळे. आपल्या कोरडवाहू भागात जुनी माणसं ज्या राळ्याचा भात करत, तेच हे धान्य. ज्वारीच्या मुलखातून आलेल्या सोलापूरकराला ते अगदीच परकं वाटलं नसेल, असं मला आपलं वाटतं. जपानी फौजेची मोहीम आली की शाळा, इस्पितळ, रुग्ण सगळंच उचलून डोंगरात हलवावं लागे. वर्गाच्या तासांवर युद्धाची टांगती तलवार असे.

पण खरी परीक्षा होती ती भाषेची. चिनीला आपल्यासारखी बाराखडी नाही. प्रत्येक अक्षर वेगळं शिकायचं. त्यात सुरांचा खेळ. ‘माइ’ हा शब्द एका सुरात म्हटला तर विकत घेणं, दुसऱ्या सुरात म्हटला तर विकणं. ‘मा’ एका सुरात आई, तर दुसऱ्या सुरात घोडा! इंग्रजीतून डॉक्टरकी शिकलेल्या माणसाला आणखी एक अडचण होती. वैद्यकातले रोजचे शब्दही तिथं उपयोगाचे नव्हते. न्यूमोनियाला चिनीत म्हणतात ‘फेइ-यान’. फेइ म्हणजे फुफ्फुस, यान म्हणजे दाह. शब्द ऐकताच खेड्यातल्या पोराला आजार कुठं आहे ते उमगतं. शिकवणाऱ्याला मात्र ओळखीच्या रोगांची नावं पहिल्यापासून गिरवावी लागतात.

दुभाष्या घेऊन शिकवता आलं असतं. बरेच परदेशी लोक तसंच करत. कोटणीसांनी ते मानलं नाही. ते चिनी बोलायला, वाचायला शिकले आणि त्या भाषेत व्याख्यानं देऊ लागले. नाकेबंदीत पुस्तकं मिळत नव्हती, म्हणून स्वतःच लिहायला बसले. शस्त्रक्रियाशास्त्राच्या सामान्य तत्त्वांवरचं पुस्तक पुरं केलं आणि एकेका अवयवाच्या शस्त्रक्रियेवरचं दुसरं हाती घेतलं. हे सगळं इस्पितळाचं काम सांभाळून. १९४० च्या मोठ्या लढाईत तेरा दिवसांत आठशेहून जास्त जखमी त्यांच्याकडे आले, असं सांगतात.

भाषा आली की माणसं जवळ येतात. तिथले लोक त्यांना लाडानं ‘हेइ मामा’ म्हणू लागले. आपल्याला वाटेल, मामाच केला की! पण चिनीत ‘मामा’ म्हणजे आई, आणि ‘हेइ’ म्हणजे काळी. काळीसावळी आई. शाळेत परिचारिकांना शिकवणाऱ्या गुओ छिंगलान यांच्याशी १९४१ च्या अखेरीस त्यांचं लग्न झालं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचं नाव ठेवलं यिनहुआ. ‘यिन’ म्हणजे भारत.

मी भाईंदरला पुष्कळ वर्षं शाळेत इतिहास शिकवला, म्हणून या भाषेच्या गोष्टीपाशी थोडा रेंगाळतो. आमच्या वर्गात आगरी-कोळी घरांतली मुलं असत, तशीच गुजराती, मारवाडी आणि उत्तरेकडून आलेल्या घरांतलीही. मिठाचा सत्याग्रह शिकवायला मिठागरं जवळच होती. पण ‘मीठ’ म्हटलं की गुजराती मुलाच्या मनात ‘मीठुं’ येई, म्हणजे मीठच. आणि हिंदी बोलणाऱ्या मुलाला ‘मीठा’ आठवून गोड वाटे! एकाच शब्दावर अर्धा वर्ग समुद्राकाठी, अर्धा हलवायाच्या दुकानात. अशा वेळी शिक्षकाला दोन वाटा असतात. मूल माझ्या भाषेपर्यंत येईल तेव्हा येईल, म्हणून पुढं जायचं. किंवा आपण दोन पावलं त्याच्याकडे चालायचं. दुसरी वाट दमवणारी आहे. कोटणीसांनी ती युद्धाच्या धामधुमीत, अक्षरओळखीपासून सुरुवात करून धरली. एका शिक्षकाला त्याची किंमत लवकर कळते.

गेल्या पंचवीसेक वर्षांत गंगा उलटीही वाहिली. आपल्याकडची हजारो मुलं डॉक्टर व्हायला चीनला गेली. तिथं त्यांच्यासाठी इंग्रजीतून शिकवणारे अभ्यासक्रम निघाले. पण इस्पितळात रुग्णापुढं उभं राहिलं की त्यांनाही चिनी शिकावंच लागलं. पाठ्यपुस्तक कुठल्याही भाषेत असो, दुखणं माणूस स्वतःच्याच भाषेत सांगतो. कोटणीसांनी हे रुग्णाच्या बाबतीत ओळखलं आणि विद्यार्थ्याच्याही.

कोटणीसांना अपस्माराचे झटके येत होते. विश्रांती घ्या, असा आग्रह झाला तरी त्यांचं काम थांबलं नाही. डिसेंबर १९४२ मध्ये दुसऱ्या पुस्तकाचं लेखन चालू असतानाच जोराचे झटके आले आणि ९ डिसेंबरला पहाटे गेगोंगमध्ये त्यांची प्राणज्योत मालवली. वय अवघं बत्तीस. मुलगा साडेतीन महिन्यांचा. पुढं तोही वैद्यकीचं शिक्षण घेत असतानाच, १९६७ साली, ऐन तारुण्यात गेला. गुओ छिंगलान यांनी मात्र भारताशी नातं राखलं. त्या अनेकदा इथं येऊन गेल्या. २०१२ साली त्यांचं निधन झालं.

कोटणीसांच्या मृत्यूनंतर माओंनी म्हटलं की सैन्यानं मदतीचा हात गमावला आणि राष्ट्रानं मित्र. त्यात एक भर घालावीशी वाटते. एका वर्गानं आपला शिक्षक गमावला. पण वर्ग मोडला नाही. डोंगरातल्या त्या शाळेतूनच पुढं चांगचुन शहरातलं बेथून वैद्यकीय विद्यापीठ घडलं आणि २००० साली ते चिलिन विद्यापीठात विलीन झालं. शिच्याच्वांग शहरात, जिथं कोटणीसांची समाधी आहे, तिथं १९९२ मध्ये त्यांच्याच नावाची वैद्यकीय शाळा निघाली. तिथले विद्यार्थी त्यांच्या पुतळ्यासमोर सेवेची शपथ घेतात.

दुसरं पुस्तक १७५ व्या पानापर्यंत आलं होतं. सर्जनच्या हातून वाचलेल्या जखमींची मोजदाद करता येते. शिकवलेल्या पोरांनी पुढं किती जणांना वाचवलं, ती पोरं आणखी कुणाला शिकवून गेली, याचा हिशेब कुठल्याच वहीत मावत नाही.