सकळा लिपीपासून क्वांटम यंत्रापर्यंत

पेण तालुक्यांतील वरसई हें इतिहासाचार्य विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांचें जन्मगांव. १८६३ सालीं जन्मलेल्या या संशोधकानें मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें गांवोगांव हिंडून मिळविलीं, हें सर्वश्रुत आहे. त्यांच्या आणखी एका कामगिरीचें मोल मात्र संगणकाच्या युगांत नव्यानें ध्यानांत येतें. ती कामगिरी म्हणजे महानुभावांच्या सांकेतिक लिपीचा उलगडा.

तेराव्या शतकांतील चक्रधरस्वामींच्या या पंथानें आपलें वाङ्मय मराठींत निर्माण केलें. म्हाइंभटाचें लीळाचरित्र त्यांतलेंच. पुढें हे ग्रंथ परक्यांच्या दृष्टीस पडूं नयेत म्हणून सकळा, सुंदरी इत्यादि लिपी योजण्यांत आल्या. सकळेची युक्ति साधी होती: एका अक्षराच्या जागीं ठरलेलें दुसरें अक्षर वा चिन्ह घालावयाचें. किल्ली पंथांत राहिली आणि पोथी इतरांना मुकी झाली. हें कुलूप कित्येक शतकें टिकलें.

परंतु अशा लिपींत एक वैगुण्य असतें. अक्षराचा वेष पालटला, तरी त्याची चाल पालटत नाहीं. भाषेंत वारंवार येणाऱ्या अक्षराचें चिन्हही वारंवार येतें, आणि तेंच फितूर होतें. अरब पंडित अल-किंदी यानें नवव्या शतकांतच हें दाखवून दिलें होतें. विसाव्या शतकाच्या आरंभीं राजवाड्यांनीं सकळेचा संकेत उलगडून प्रसिद्ध केला आणि मराठी सारस्वताचें एक दालन अभ्यासकांना खुलें झालें.

आजचें कुलूप अक्षरांच्या अदलाबदलीचें नाहीं. १९७७ सालीं रिव्हेस्ट, शामीर व ॲडलमन यांनीं तें गणितावर उभारलें. ८९ ला ९७ नें गुणणें सोपें. पण ८६३३ हा कोणत्या संख्यांचा गुणाकार, हें शोधण्यास वेळ लागतो. प्रत्यक्षांत ही संख्या सहाशेंहून अधिक अंकांची असते, आणि तिचे अवयव काढणें नेहमींच्या संगणकाच्या आवांक्याबाहेरचें आहे. १९९४ सालीं मात्र पीटर शोर यांनीं सिद्ध केलें कीं, पुरेसें मोठें क्वांटम यंत्र हें काम झपाट्यानें करील.

तेवढें समर्थ यंत्र अद्याप तयार झालेलें नाहीं. तरी धोका आजचाच आहे. सांकेतिक संदेश आज टिपून ठेवावयाचा आणि यंत्र सिद्ध झाल्यावर उघडावयाचा, हें कोणासही शक्य आहे. म्हणून अमेरिकेच्या मानक-संस्थेनें ऑगस्ट २०२४ मध्यें नव्या गणितावर आधारलेलीं तीन मानकें प्रसिद्ध केलीं. भारत सरकारनें २०२३ सालीं सुमारें सहा हजार कोटि रुपयांचें राष्ट्रीय क्वांटम अभियान मंजूर केलें.

महानुभावांच्या पोथ्या उघडल्या, त्यांत मराठीचा लाभ झाला. पेणच्या मूर्तिकाराचा गिऱ्हाइकाशीं झालेला व्यवहार किंवा रोह्याच्या रुग्णाची वैद्यकीय टिपणें वीस वर्षांनीं उघडलीं, तर त्यांत लाभ कोणाचा? जें गुपित दीर्घकाळ जपावयाचें, त्याचें कुलूप आजच बदलावयास हवें.