कसाऱ्याच्या वाटेवरची पाटी

शहापूर तालुक्यातले उंबरमाळी मध्य रेल्वेच्या खर्डी आणि कसारा या स्थानकांच्या मधे येते. या पट्ट्यातल्या फिरत्या खाद्यविक्रीचा इतिहास घाटापासून सुरू होतो. जानेवारी 1861 मध्ये लोहमार्ग कसाऱ्यापर्यंत आला. थळ घाट चढून इगतपुरी गाठायला आणखी चार वर्षे गेली. घाटाचा चढ 37 फुटांना एक फूट. म्हणून वर जाणाऱ्या बहुतेक गाड्या कसाऱ्याला थांबवून त्यांना मागून जादा इंजिने जोडावी लागतात. तेवढा वेळ डब्यातली माणसे खिडकीत येतात, आणि विकणाऱ्याला तेवढाच वेळ पुरतो.

विकायला जंगल जवळच होते. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी आणि वारली बायका मे महिन्यात करवंदे तोडतात. काटे हात ओरबाडतात, कच्च्या फळाचा चीक बोटांना चिकटतो. पळसाच्या पानाच्या द्रोणात मापभर करवंदे घालून पाटी डोक्यावर घेतली की पहाटेची लोकल गाठायची. पिकलेले करवंद दोन दिवसही धड टिकत नाही. साठवता येत नसल्यामुळे हा माल व्यापाऱ्याच्या फारसा कामाचा नाही, आणि बहुधा म्हणूनच धंदा तोडणारीच्या हातात राहिला. लोणच्याच्या कच्च्या करवंदांचे तसे नाही. ती टिकतात, मग त्यांना दलालही भेटतो.

जांभळे झाली की पाटीत पावसाळी भाज्या येतात. जूनच्या सुरुवातीची शेवळं त्यांत मानाची. ही भाजी घशाला खाजते, म्हणून जुडीशेजारी काकडाची आंबट हिरवी फळे ठेवलेली असतात. ठाण्याकडचे जुने गिऱ्हाईक काकडाशिवाय शेवळं घेत नाही. त्यामागून कोरल, कुर्डू, टाकळा, भारंगी असतातच.

या जंगलावर हक्क मात्र एकट्या गावाचा राहिला नाही. मुंबईच्या पाण्यासाठी तानसाचे धरण 1892 मध्ये पुरे झाले आणि पाणलोटातले रान राखीव झाले. 1970 मध्ये तेथे अभयारण्य आले.        

1972 च्या वन्यजीव कायद्याने, पुढे झालेल्या दुरुस्तीनंतर, अभयारण्यातली वनोपज स्थानिकांना घरगुती गरजेपुरती दिली, विक्रीसाठी नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचाच नव्हे, विकण्याचाही हक्क मान्य केला, तोही अभयारण्यांसह. कागदावर हा मोठा पालट होता.

दरम्यान मुंबई-आग्रा रोडवर आणि स्थानकांबाहेर वडापावच्या गाड्या आल्या. वडापावची सुरुवात 1966 च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर झाली, असे सांगतात. पाव, बटाटा, तेल बारमाही मिळते, त्यामुळे गाडीला ऋतू नाही. भाजलेले कणीस आणि चहा तिच्यावर पावसाळ्यात जोडीला येतात. मुरबाडकडे माळशेज घाटातही पावसात हेच दिसते.

पथविक्रेत्यांना 2014 च्या कायद्याने संरक्षण दिले. त्याची अंमलबजावणी मुख्यतः शहरांतल्या पथविक्रेता समित्यांमार्फत होते, आणि रेल्वेची जागा व गाड्या त्यातून सरळ वगळल्या आहेत. 1989 च्या रेल्वे कायद्याचे कलम 144 तर विनापरवाना फेरीविक्रीला गुन्हा मानते. त्यामुळे डब्यात शिरलेली करवंदांची पाटी जंगलात कायदेशीर असली, तरी रुळांवर ती बेकायदा ठरते.