पाणबुडीचा पल्ला तारोडीतून मोजताना

१६ सप्टेंबर १९५५. रशियाच्या उत्तरेला श्वेत समुद्रात बी-६७ नावाची सोव्हिएत पाणबुडी पाण्यावर आली. तिच्या मनोऱ्यातल्या नळीतून क्षेपणास्त्र वर उचललं गेलं आणि सुटलं. पाणबुडीवरून बॅलिस्टिक क्षेपणास्त्र डागण्याची जगातली ही पहिली वेळ. आर-११एफएम हे त्याचं नाव. पल्ला जेमतेम १५० किलोमीटर.

मी तारोडीत राहतो, म्हणून पल्ले इथूनच मोजतो. उत्तनच्या किनाऱ्याला लागून ही पाणबुडी उभी केली, तर नाशिक आणि पुणे टप्प्यात येतात. सोलापूर येत नाही. म्हणजे शत्रूच्या दारापर्यंत जायचं आणि तिथे पाण्यावर येऊन क्षेपणास्त्र उभं करायचं. लपून राहणं हीच जिची ताकद, तिने नेमकं हल्ल्याच्या वेळी उघडं पडायचं!

दुसरी भीती आतली होती. या क्षेपणास्त्रात द्रव इंधन आणि सोबत नायट्रिक आम्ल. बंद लोखंडी नळीत माणसं झोपतात, जेवतात, आणि भिंतीपलीकडे हे रसायन. एक गळती पुरेशी.

अमेरिकी नौदलालाही हीच धास्ती होती. लष्कराच्या ‘ज्युपिटर’ क्षेपणास्त्रात द्रव इंधन होतं, तेही अगडबंब. नौदलाने घन इंधनाचा हट्ट धरला. १९५६ च्या उन्हाळ्यात एडवर्ड टेलर यांनी काही वर्षांत छोटं अण्वस्त्र बनवता येईल असं सांगितलं आणि ‘पोलारिस’चा मार्ग मोकळा झाला. घाई इतकी की नवी पाणबुडी आखायला वेळच नव्हता. बांधणी सुरू असलेल्या एका पाणबुडीचा सांगाडा मधोमध कापून त्यात १६ क्षेपणास्त्रांचा भाग बसवला. तीच ‘जॉर्ज वॉशिंग्टन’. २० जुलै १९६० रोजी तिने पाण्याखालूनच पोलारिस डागलं. पल्ला सुमारे २००० किलोमीटर. तारोडीतून कोलकाता मागे टाकेल एवढा.

घाई सोव्हिएत बाजूलाही होती. जुलै १९६१ मध्ये के-१९ या त्यांच्या पाणबुडीच्या अणुभट्टीला थंड ठेवणारी यंत्रणा बंद पडली. पर्यायी व्यवस्था नव्हती. खलाशी किरणोत्सारात शिरले आणि त्यांनी तात्पुरती जोडणी केली. पाणबुडी वाचली, आठ जण तीन आठवड्यांत गेले.

भारताची गोष्ट इथे येऊन मिळते. तिचं एक टोक आपल्याच महानगरात, तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात आहे. जमिनीवरची भट्टी हवी तेवढी मोठी करता येते. पाणबुडीतली मात्र लहान हवी, हेलकावे सोसणारी हवी, वेग झटक्यात कमी-जास्त करणारी हवी. सत्तरच्या दशकातले सुरुवातीचे आराखडे टिकले नाहीत.

त्या आराखड्यांवर बोट ठेवणाऱ्यांत नौदलाचे कॅप्टन बी. के. सुब्बाराव होते. पुढे त्यांनी आयआयटी मुंबईतून पीएच.डी. केली. मे १९८८ मध्ये त्यांना मुंबईच्या विमानतळावर अटक झाली. आरोप गुपितं देशाबाहेर नेत असल्याचा. पकडलेल्या कागदांत त्यांचा स्वतःचा प्रबंधही होता! वीस महिने ते तुरुंगात होते. खटला त्यांनी स्वतः लढवला आणि न्यायालयांनी त्यांना आरोपमुक्त केलं.

त्याच १९८८ मध्ये सोव्हिएत संघाकडून भाड्याने आणलेली अणुपाणबुडी ‘चक्र’ नावाने नौदलात आली आणि आपल्या लोकांना अणुपाणबुडी हाताळायची सवय झाली. कल्पाक्कमला पाणबुडीच्या भट्टीचा जमिनीवरचा नमुना उभा राहिला. २००३ मध्ये तो सुरू झाला. सांगाडा गुजरातेत हजिऱ्याला घडला. गिअरबॉक्स आपल्या इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरचा. साखर कारखान्याभोवती वाढलेल्या गावाने अणुपाणबुडीला हातभार लावला, हे मला फार आवडतं. २६ जुलै २००९ रोजी विशाखापट्टणमला ‘अरिहंत’ पाण्यात उतरली. भट्टी सुरू झाली ऑगस्ट २०१३ मध्ये, नौदलात दाखल झाली २०१६ मध्ये.

आता पुन्हा तारोडीतून मोजू. अरिहंतचं पहिलं क्षेपणास्त्र के-१५, पल्ला ७५० किलोमीटर. इथून कराची साधारण ८६० किलोमीटर. म्हणजे पोहोचत नाही! बी-६७ ची अडचण थोड्या सौम्य रूपात आपल्याही वाट्याला आली: मारायचं तर जवळ जा. म्हणून के-४ हवं होतं, पल्ला ३५०० किलोमीटर. नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘अरिघात’वरून त्याची चाचणी झाली.

ही पाणबुडी शत्रूपासून लपलीच पाहिजे, याबद्दल माझं दुमत नाही. पण के-१९ च्या खलाशांना पर्यायी व्यवस्था का नव्हती, हा प्रश्न तिथे वेळेत कुणी लावून धरायला हवा होता. आपल्याकडे आराखडा चुकतोय असं म्हणणाऱ्या माणसाला तुरुंगात वीस महिने काढावे लागले. पल्ला आपण ७५० वरून ३५०० वर नेला. असा प्रश्न विचारणाऱ्याचं आज काय होईल, हेही तितक्याच काटेकोरपणे मोजायला हवं. कारण आत बसणारी शंभरेक माणसं आपल्याच घरांतली आहेत.