मिशनचा पगार आणि टिळकांचा दरबार

ख्रिस्ती धर्मसंघाला ग्लानी आली ती छळापेक्षा आश्रयानेच अधिक, असे आम्हांस वाटते. इ. स. ३१३ मध्ये रोमन सम्राटाने अभय दिले. त्याच शतकात कित्येक विरक्त मिसरच्या वाळवंटात निघून गेले.

नगरला १८३१ मध्ये अमेरिकन मिशन आले. शाळा निघाल्या, दुष्काळात अन्न मिळाले. ते उपकार कोण नाकारील? पण उपदेशक पगारी झाला, मंडळी साहेबाच्या तोंडाकडे पाहू लागली. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या नारायण वामन टिळकांना हेच सलत होते. १९१७ मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही तेथे जागा होती. मे १९१९ मध्ये टिळक वारले. दरबार फार दिवस टिकला नाही. त्यांची पदे मात्र मराठी मंडळ्या अजून गातात, पगारी उपदेशकासुद्धा!