मुलामा आणि अंगचा धातू

पितळेचा तांब्या चिंचेनं घासला की खालून पुन्हा पितळच निघतं. कल्हई केलेल्या पातेल्याला तेवढाच जोर लावून चालत नाही. कथील झिजतं आणि आतलं तांबं उघडं पडतं. आपल्या आज्यांना हा फरक हातानं ठाऊक होता. जुनी मोटारसायकल चकचकीत करायला निघालेल्या आपल्या मुलांना, नातवांना तो सांगायची वेळ आली आहे.

सुरुवातीच्या गाड्यांवर निकेलचा मुलामा असे. त्याचा रंग जरा पिवळसर, आणि हवेनं तो मंद होई. सारखं पुसावं लागे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस क्रोम आलं. निळसर, आरशासारखं, न काळवंडणारं. पण क्रोम एकटं नसतं. लोखंडावर निकेलचा थर, त्यावर क्रोमचा पापुद्रा, एका मायक्रॉनपेक्षाही पातळ. गंज अडवतं ते मुख्यतः खालचं निकेल.

हे निकेल युद्धाला लागतं. १९५० मध्ये कोरियाचं युद्ध पेटलं, निकेलची टंचाई झाली, आणि ब्रिटिश कारखान्यांनी कित्येक गाड्यांच्या रिंगा नि टाक्या क्रोमऐवजी चंदेरी रंगात काढल्या. त्या सालची गाडी कुणी आज हौसेनं क्रोमनं मढवली, तर ती सुंदर दिसेल. पण त्या टंचाईची खूण पुसली जाईल.

आपल्या बाजूची ओळखीची गाडी म्हणजे जावा. मूळची प्रागची, १९२९ ची. जानेचेक हा मालक आणि वांडरर ही जर्मन कंपनी, दोघांच्या नावांची पहिली अक्षरं जोडून ‘जावा’. १९६१ पासून ती म्हैसूरला बनू लागली. बेळगाव तेव्हा म्हैसूर राज्यातच होतं. १९७३ पासून तिचं नाव येझदी झालं, आणि १९९६ साली कारखाना बंद पडला. जावाच्या टाकीच्या दोन्ही बाजूंना क्रोम, त्यावर गुडघ्याला टेकायला रबर. इंजिनाची झाकणं मात्र अ‍ॅल्युमिनियमची, म्हणजे ती चकाकी अंगची.

म्हणून उपचार वेगळे. झाकणं ओल्या पॉलिश-पेपरनं, जाड्याकडून बारकाकडे जात घासावीत, मग बफ मारावा. कॉस्टिक सोडा लावू नये, तो अ‍ॅल्युमिनियम खातो. क्रोमला साबण, पाणी, मऊ फडकं. गंजाचे ठिपके असतील तर पोळ्या गुंडाळायचा फॉइल चुरगाळून, पाण्यात बुडवून हलकेच फिरवावा. तो क्रोमपेक्षा मऊ असतो. क्रोमला पॉलिश-पेपर लावलात, की झाली कल्हईची गत.

“त्यात काय, पुन्हा क्रोम करून आणू” असं म्हणणं सोपं आहे. पण जुना थर एकदा उतरवला की कारखान्यातला मुलामा कायमचा गेला. शिवाय क्रोमच्या हौदातल्या अ‍ॅसिडची वाफ तिथं राबणाऱ्यांचं नाक नि फुप्फुसं पोखरते, त्यानं कॅन्सरही होतो. आणि सांडपाणी तसंच सोडलं तर विहिरी नासतात. आपल्या दारातल्या चकाकीसाठी कुणाच्या तरी श्वासाची किंमत द्यायची का, हा प्रश्न आपल्या घरांत तरी विचारला जायला हवा.

टाकीवर चार ठिपके राहिले तर राहू देत. साठ वर्षांचं लोखंड आहे ते.