कीबोर्डवर वाजवलेली गिटार खोटी का वाटते? कॉम्प्युटर तारेचा आवाज बनवतो तरी कसा?

रील्स बघताना कधीतरी कानाला जाणवतं. गाणं छान आहे, आवाज छान आहे, पण मागे वाजणारी गिटार 'खेळण्यातली' वाटते. कारण ती कुणी वाजवलेलीच नसते. लॅपटॉपमधल्या सॉफ्टवेअर सिंथेसायझरला कीबोर्डवरून सूर दिलेले असतात.

आता यात कमीपणा काही नाही. कवठे महांकाळसारख्या गावात प्रत्येक गाण्याला गिटारवादक कुठून आणायचा? लॅपटॉप, हेडफोन आणि छोटा मिडी कीबोर्ड एवढ्यावर घरातच गाणं तयार होतं. प्रश्न एवढाच की तीच गिटार खरी कशी वाटेल. त्यासाठी आधी तार काय करते ते बघू.

आवाज येतो कुठून?

सॉफ्टवेअरकडे दोन रस्ते असतात. पहिला सॅम्पलिंगचा. खऱ्या गिटारचा एकेक सूर हळू, मध्यम, जोरात असा वाजवून रेकॉर्ड करायचा आणि तुम्ही बटण दाबलं की तो ऐकवायचा. सध्याची बहुतेक गिटार प्लगइन्स याच पद्धतीची आहेत.

दुसरा रस्ता जास्त भन्नाट आहे. इथे रेकॉर्डिंग नसतंच, तारेचं गणित मांडलेलं असतं. 1983 मध्ये केविन कार्प्लस आणि अ‍ॅलेक्स स्ट्राँग यांनी एक युक्ती प्रसिद्ध केली. रेडिओवर स्टेशन लागत नसताना येते तशी खरखर घ्यायची, अगदी क्षणभराची. ती गोल गोल फिरवत ठेवायची आणि प्रत्येक फेरीत शेजारशेजारच्या दोन आकड्यांची सरासरी काढायची. बास, एवढंच. सरासरीमुळे तीक्ष्ण भाग आधी विरतो, गोल सूर मागे उरतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं की कुणीतरी तार छेडली!

सीडीच्या दर्जाच्या आवाजात सेकंदाला 44,100 आकडे असतात. गिटारची पाचवी तार 110 हर्ट्झला लागते, म्हणजे त्या सुरासाठी सुमारे 400 आकड्यांची फेरी पुरते. त्याच वर्षी डेव्हिड जॅफी आणि ज्युलियस स्मिथ यांनी यात तारेचा ताठपणा, छेडण्याची जागा, छेडण्याचा जोर अशा सुधारणा केल्या.

छेडण्याची जागा हा मुद्दा लक्षात ठेवा. तार बरोबर मध्यावर छेडली तर तिचे सम क्रमांकाचे स्वरांश जवळपास गायब होतात, आवाज मऊ येतो. घोडीजवळ छेडली तर टणक, किनरा. खरा वादक गाण्याच्या ओघात हात पुढेमागे नेतच असतो.

मग खोटं कुठे पडतं?

आमच्या मते दहातल्या आठ वेळा दोष प्लगइनचा नसतो, तर गिटारसाठी पियानोसारखं वाजवण्याचा असतो.

पियानोवर सी मेजर म्हणजे तीन बोटं, एकाच वेळी. गिटारवर तोच कॉर्ड साधारणपणे पाच तारांवर वाजतो: सी, ई, जी, सी, ई. शिवाय या पाच तारा एकदम वाजत नाहीत. हात खाली येताना जाड तार आधी, बारीक तार शेवटी. वर जाताना उलटं, आणि तेव्हा बऱ्याचदा वरच्या तीनचार ताराच लागतात. दोन तारांमधलं अंतर काही मिलिसेकंदांचं असतं, पण कान ते पकडतो. म्हणून मिडीमध्ये सगळे सूर एका रेषेत ठेवू नका, थोडे तिरके सरकवा.

दुसरी चूक जोराची. मिडीत जोर 1 ते 127 आकड्यांत मोजतात. सगळे सूर 100 वर ठेवले की तेच ते रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा वाजतं आणि मशीनगन सुरू होते. चांगली प्लगइन्स एकाच सुराची तीनचार रेकॉर्डिंग्ज आळीपाळीने वाजवतात, तरी जोर तुम्हालाच कमीजास्त करावा लागतो.

आणखी एक गंमत. एका तारेवर एका वेळी एकच सूर वाजू शकतो. नवा सूर आला की जुना तुटलाच पाहिजे. तार आडवी ओढली की सूर वरच चढतो, खाली उतरत नाही. पिच बेंडचं चाक दोन्हीकडे फिरवून गिटारचा आंदोलित सूर काढायला गेलात की झालं, लगेच कीबोर्ड ऐकू येतो.

इलेक्ट्रिक गिटारची गोष्ट वेगळी. तिचा नुसता आवाज बारीक आणि कोरडाच असतो. आपण जो ओळखतो तो अँप्लिफायर आणि त्याच्या स्पीकरचा आवाज. साध्या सिंथच्या सुरालाही अँप आणि स्पीकर पेटीचं सिम्युलेशन लावलं तर अर्धं काम होतं.

मिरजेत गणित अडतं

कवठे महांकाळहून रेल्वेने पश्चिमेला गेलं की मिरज. इथले सतार-तानपुरे बनवणारे कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणारे. 1850 च्या सुमारास फरीदसाहेबांपासून हे काम सुरू झाल्याचं सांगतात. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

गिटारच्या घोडीवर तार एका टोकदार कडेवर टेकते. तानपुऱ्याची घोडी रुंद असते, वरून किंचित उतरती. तार कंप पावताना त्या उतारावर घासत-सुटत राहते. मध्ये बारीक सुती दोरा सरकवून ती जागा नेमकी साधतात. हीच जवारी. सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये यावर लिहिलं. छेडण्याच्या जागेमुळे जे स्वरांश ऐकूच यायला नकोत, तेही तानपुऱ्यात स्पष्ट येतात, असं त्यांनी दाखवलं.

म्हणजे वरची सरासरीची युक्ती इथे अपुरी पडते. तीक्ष्ण स्वरांश विरण्याऐवजी घोडी ते पुन्हा पुन्हा जागे करते. सॉफ्टवेअरला प्रत्येक क्षणी तार घोडीला कुठे टेकली याचा हिशोब करावा लागतो. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी असं चालू वेळेत वाजणारं तानपुऱ्याचं मॉडेल मांडलं आहे.

बाजाराने मात्र एवढी वाट पाहिली नाही. बंगळूरचे इंजिनिअर जी. राज नारायण यांनी 1979 मध्येच इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणला आणि आता रियाजाला मोबाईलवरचं अ‍ॅप असतं. प्रवासात, एकट्याने गाताना त्याची सोय मोठी आहे, हे कुणी गवईही नाकारणार नाही. पण रोजच्या रियाजाची गरज मोबाईल भागवू लागला की नवा तानपुरा घेणारे कमी होणार, आणि जवारी काढणारा हात तयार व्हायला वर्षं लागतात.

अ‍ॅपचा तानपुरा ऐकताना एक करून बघा. डोळे मिटून पंचम, दोन जोड आणि खर्ज अशी दहा आवर्तनं ऐका. प्रत्येक खर्ज हुबेहूब तसाच आला तर ते रेकॉर्डिंग फिरतंय. खऱ्या तानपुऱ्यात आधीच्या तारेची आस अजून विरलेली नसते, त्यामुळे पुढचा सूर दर वेळी थोड्या वेगळ्या गुंजनात उतरतो. गिटारच्या ट्रॅकलाही हीच परीक्षा लावता येते.