रेषेचा अर्थ : भूपृष्ठीय व वरच्या हवेच्या नकाशांचे वाचन

वणीच्या उत्तरेस असलेल्या सप्तशृंग गडाचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे 1,400 मीटर उंच आहे. पावसाळ्यात वातावरणाचा दाब 850 हेक्टोपास्कलपर्यंत उतरतो, तो साधारणतः याच उंचीच्या आसपास. वैमानिक विद्यार्थ्यास अभ्यासावा लागणारा वरच्या हवेचा एक प्रमुख नकाशा याच पातळीचा होय. तेथील वारा भूपृष्ठीय नकाशात दिसत नाही. तो ओळखण्यास हवामानशास्त्राला दीर्घ काळ लागला.

भारतीय हवामान खात्याची स्थापना 1875 साली झाली. ठिकठिकाणचे वेध तारायंत्राने एकत्र करून त्यांवरून समदाबरेषा आखल्या जात. त्यासाठी प्रत्येक स्थळाचा दाब गणिताने समुद्रसपाटीस आणावा लागतो. वणीच्या पठारासारख्या उंच प्रदेशातील नकाशावरचा दाब म्हणूनच तेथे प्रत्यक्ष मोजलेला नसतो. 850 हेक्टोपास्कलच्या नकाशात याच्या उलट दाब निश्चित असतो आणि रेषा समान उंचीची असते. वरचा वारा बहुतांशी रेषांना समांतर वाहतो. भूपृष्ठावरील वारा मात्र घर्षणामुळे कमी दाबाकडे कलतो. लिपी एक असली तरी भाषा दोन आहेत, हे ध्यानात न घेता केलेले वाचन चुकते.

वरच्या वाऱ्याच्या अभ्यासासाठी प्रथम फुगा सोडून थिओडोलाइटने त्याचा मागोवा घेत. परंतु पावसाळ्यात फुगा ढगात शिरला की दिसेनासा होई. ज्या ऋतूत माहितीची निकड सर्वाधिक, त्याच ऋतूत वेध तुटे. ही अडचण रेडिओ-यंत्रणेने दूर केली. त्यानंतर 1958 साली पी. कोटेश्वरम् यांनी उंचावरील पूर्वेच्या वेगवान प्रवाहाचे विवेचन केले. 1966 साली पी. व्ही. जोसेफ व पी. एल. रामन यांनी जुलै महिन्यात द्वीपकल्पावर, सुमारे दीड किलोमीटर उंचीवर, 40 नॉटांहून अधिक वेगाने वाहणारा पश्चिमेचा प्रवाह दाखवून दिला.

या शोधांचे व्यावहारिक महत्त्व स्पष्ट आहे. पावसाळ्यात मुंबईहून नागपूरकडे जाणाऱ्या विमानास खालच्या थरात पाठीमागून वारा मिळतो, तर दहा-अकरा किलोमीटर उंचीवर बहुधा समोरून. भूपृष्ठीय नकाशावरूनच वरचा वारा ठरविणारा वैमानिक इंधनाचा व वेळेचा हिशेब चुकवील. दोन्ही नकाशे एकत्र वाचावयाचे, ते याकरिताच.